घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे? त्यांची पाठ रोज बघता का? (बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमांविषयी)

मिरजेची_सिस्टर

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळताना गोळ्यांचा कागद हातात पडतो. नाकातल्या नळीतून कसं भरवायचं ते कोणीतरी दाखवतं, लघवीची पिशवी कशी रिकामी करायची तेही सांगतात. पाठीबद्दल मात्र "दर दोन तासांनी कूस बदला" एवढंच. किती वळवायचं, उशी कुठे लावायची, कातडीवर काय शोधायचं हे घरच्यांना कोणी हाताला धरून शिकवत नाही. मी घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. अर्धांगवायू, खुब्याचं फ्रॅक्चर, मणक्याची इजा, डिमेन्शिया अशा घरांत रोजचं जाणं-येणं आहे. मला बोलावणं येतं तोवर बहुतेक जखमा आत गेलेल्या असतात. हा धागा त्याच्या आधीच्या दिवसांसाठी काढते आहे.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप लक्षात राहील. हाड आणि गादी यांच्या मध्ये मांस दाबलं जातं आणि तिथला रक्तपुरवठा थांबतो. आपण झोपेतसुद्धा नकळत हलत असतो, म्हणून आपल्याला काही होत नाही. ज्यांना हलता येत नाही किंवा दुखलेलं कळत नाही, त्यांच्या शरीरात काही तासांत मांस मरायला सुरुवात होऊ शकते. हाडाजवळचं मांस कातडीपेक्षा आधी मरतं. त्यामुळे किडक्या बोरासारखं होतं, वर बारीकसा डाग आणि आत सगळं पोखरलेलं.

कूस बदलणं म्हणजे माणसाला पूर्ण आडवं लोटणं नव्हे. तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथे नवी जखम होते. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं करायचं. माकडहाड गादीपासून सुटलं पाहिजे आणि खुब्यावरही भार नको. माकडहाडाखाली तळवा सहज सरकला तर जमलं. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली लांबट उशी अशी द्या की टाचा अधांतरी राहतील. उशी टाचेखालीच ठेवली तर भार टाचेवरच राहतो, आणि नेमकी हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त घरांत दिसते.

डोक्याकडची बाजू फार वेळ ३० अंशांपेक्षा उंच ठेवू नका. माणूस हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून जागीच राहते, आतलं हाड पुढे सरकतं आणि त्या ताणात रक्तवाहिन्या पिळवटतात. नळीतून फीड देताना मात्र उंच बसवावंच लागतं, आणि नंतरही अर्धा ते एक तास, नाहीतर ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. अशा वेळी आधी गुडघ्यांखाली उशी द्या आणि मग पाठ उंच करा, घसरणं बरंच कमी होतं. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. जुन्या सुती चादरीची घडी कमरेखाली कायम ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून उचलून सरकवा.

आता बघायचं काय ते. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती, कोपर, डोक्याचा मागचा भाग, कानाच्या पाळ्या. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागे, लघवीची नळी असेल तर मांडीखाली, जिथे ती दबते तिथे. इंटरनेटवरच्या चित्रांत गोऱ्या कातडीवर लालबुंद डाग दिसतो. आपल्या सावळ्या रंगावर तो तसा दिसत नाही, जांभळट, काळसर किंवा नुसता चकचकीत दिसतो, कधी दिसतच नाही. म्हणून उजेडात बघा आणि हाताच्या पाठीने स्पर्श करा. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिलपिलीत लागतंय का? बोटाने दाबून सोडल्यावर रंग फिकट होऊन परत येत नसेल, तर ती जखमेची पहिली पायरी आहे, कातडी फुटलेली नसली तरीही. त्या जागेवर भार पूर्ण बंद करा. बहुतेक वेळा इथून माघारी फिरता येतं.

आणि त्या जागी चोळू नका. प्रेमाने तेल लावून रगडतात. आत आधीच दुखावलेलं मांस असतं, रगडल्याने ते आणखी फाटतं. तेल लावायचं तर बाकीच्या अंगाला, हलक्या हाताने.

विचारा काय ते, रात्री उशिरा उत्तरं देईन.

अबोली७

सिस्टर, वाचनखूण साठवली. माझ्या सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला. अतिदक्षता विभागातून घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी माकडहाडावर जांभळा डाग दिसला आणि आठवड्याच्या आत तो फुटला. नणंदबाई भेटायला आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आईची पाठ अशी होईपर्यंत तुम्ही काय करत होतात?" मी रात्री उठून कूस बदलत होते हो. तरी असं का झालं?

मिरजेची_सिस्टर

अबोलीताई, हे नणंदबाईंना आवर्जून वाचायला द्या. खोलवर दाबाची इजा झाली की कातडीवर तिचा जांभळा डाग उमटायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. म्हणजे घरी तिसऱ्या दिवशी दिसलेल्या डागाचं मूळ बऱ्याचदा हॉस्पिटलच्या शेवटच्या दिवसात, लांबलेल्या ऑपरेशनमध्ये, स्ट्रेचरवर किंवा अॅम्ब्युलन्सच्या प्रवासात असू शकतं. ब्लड प्रेशर खाली गेलेलं असेल तर दाब थोडा असूनही मांस मरतं. बेडसोर टाळता येतात हे खरंच, त्यासाठीच तर हा धागा आहे. पण प्रत्येक बेडसोर म्हणजे घरच्या बाईची हयगय असा निकाल लावणं चुकीचं आहे. आपल्याकडे काळजी एकटीने घ्यायची आणि जाब बाकीच्या सगळ्यांनी विचारायचा, हे मी घरोघरी बघते आणि मला त्याचा फार राग येतो. नणंदबाईंना विचारा, आठवड्यातल्या कोणत्या दोन रात्री तुमच्या?

यातून सगळ्यांसाठी एक गोष्ट. डिस्चार्ज घेताना नर्सला सांगून रुग्णाला तिथेच कुशीवर वळवायला लावा आणि पाठ, टाचा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. डाग असेल तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. भांडणासाठी नव्हे. कुठून सुरुवात झाली हे माहीत असलं की उपचार पहिल्या दिवसापासून सुरू होतात.

डॉ_सह्यकडा

उत्तम धागा. मी शल्यचिकित्सा विभागात आहे, थोडी भर घालतो.

जखमेच्या चार पायऱ्या मानतात. पहिली वर आलीच आहे. दुसऱ्या पायरीत वरची कातडी जाते, उथळ गुलाबी जखम किंवा पाण्याचा फोड दिसतो. तिसऱ्या पायरीत खड्डा पडतो, चरबी दिसते. चौथीत स्नायू किंवा हाडापर्यंत जाते. वर काळं किंवा पिवळं मेलेलं आवरण असेल तर ते काढल्याशिवाय खोली सांगता येत नाही. पहिल्या दोन पायऱ्या घरी नीट काळजी घेऊन, नर्सच्या मदतीने भरतात. तिसरी-चौथी असेल तर डॉक्टरांनी बघायलाच हवी. मेलेलं मांस काढावं लागतं, हाडात जंतुसंसर्ग आहे का ते तपासावं लागतं, काहींना प्लास्टिक सर्जनकडून फ्लॅप (शेजारची निरोगी कातडी-मांस सरकवून जखम झाकणं) करून घ्यावा लागतो. अशा जखमा भरायला महिने लागतात, तेव्हा दोन आठवड्यांत औषध बदलू नका.

एक अपवाद ध्यानात ठेवा. टाचेवरची काळी खपली कोरडी, घट्ट बसलेली असेल, भोवती सूज, लाली, पू नसेल तर ती घरी काय, हॉस्पिटलमध्येही सहसा काढत नाहीत. खालच्या भागाला तीच झाकण असते.

रात्रीबेरात्री थांबू नका, अशा खुणा: ताप किंवा अंग थंड पडणं, अचानक गुंगी किंवा बरळणं, धाप, लघवी कमी होणं, जखमेभोवती लाली भराभर पसरणं, दुर्गंधीयुक्त पू. ही जंतुसंसर्ग रक्तात गेल्याची लक्षणं असू शकतात.

कृष्णाकाठ

आमच्या आजोबांना आम्ही रोज स्पिरिट लावून पावडर टाकायचो, कातडी टणक होते म्हणून. गावात अजून सगळे हेच करतात. आणि जखमेत हळद, मध, कोरफड? काही जण जखमेवर बल्ब लावून शेक देतात, तेही विचारायचं होतं.

मिरजेची_सिस्टर

स्पिरिटने कातडी टणक होत नाही, कोरडी पडते आणि चिरते. पावडर घामात भिजून घड्यांमध्ये तिचे गोळे होतात आणि ते घासतात. दोन्ही बंद. बल्बचा शेकही नको. कोरडी जखम भरत नाही, ओलसर जखमेत नवी कातडी लवकर सरकते. शिवाय ज्यांना संवेदना नाही त्यांना बल्बने भाजतं आणि कळतही नाही.

स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण जखमेत अडकून बसतात आणि खालचं मांस कसं आहे ते दिसेनासं होतं. जखमांसाठी मध वापरतात हे खरं आहे, पण तो निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध. बरणीतला मध खोल जखमेत घालू नका. डेटॉल, सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतूंबरोबर भरत आलेलं नवं मांसही जळतं.

धुवायला नॉर्मल सलाईन (निर्जंतुक मिठाचं पाणी) पुरेसं. मेडिकलमधून आणणं परवडत नसेल तर अर्धा लिटर पाणी चांगलं उकळा, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घाला, झाकून गार करा, त्याच दिवशी वापरा आणि उरलेलं ओतून द्या. आधी हात साबणाने धुवा. गॉज जखमेला चिकटला असेल तर ओढू नका, सलाईनने भिजवून सुटू द्या. ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी द्या. बोलता न येणाऱ्या माणसालाही दुखतं, कपाळावरच्या आठ्या बघा.

वास फार येत असेल तर लाजून खोलीचं दार लावून घेऊ नका, डॉक्टरांना सांगा. जखमेवर मेट्रोनिडॅझोल वापरून वास बराच आटोक्यात येतो, पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारात त्रास कमी करण्याची काळजी) ते नेहमी वापरतात. माश्या बसू देऊ नका, दिवसासुद्धा मच्छरदाणी लावा. जखमेत अळ्या दिसल्याच तर रॉकेल किंवा फिनाइल ओतू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. उपचार आहे आणि जखम त्यातूनही सुधारते.

शिवारातला

माझा धाकटा भाऊ विहिरीच्या कामावर पडला. कमरेखाली काहीच कळत नाही त्याला. व्हीलचेअरवर दिवसभर दुकानात बसतो, अंथरुणावर नसतोच. तरी बैठकीच्या हाडाला जखम झाली. आम्हाला वाटायचं बेडसोर म्हणजे झोपून असलेल्यांनाच होतो. रबरी रिंग आणून दिली आहे बसायला.

चाकांवरचा

दादा, ती रिंग आजच काढा. मध्ये भोक असल्यामुळे जखमेवर भार नाही असं वाटतं, पण कडेच्या गोलावर दाब येऊन मधल्या भागाचं रक्त आणखी तुटतं. मी स्वतः बारा वर्षांचा असल्यापासून व्हीलचेअरवर आहे, त्यामुळे हे सगळं अंगावरचं ज्ञान आहे.

बसल्यावर सगळा भार बैठकीच्या दोन छोट्या हाडांवर येतो. झोपण्यापेक्षा तिथे दाब जास्त. दर १५ ते ३० मिनिटांनी भार उचलायचा. हातांवर जोर देऊन दोन सेकंद उचलणं पुरत नाही, रक्त परत भरायला साधारण दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ हात टिकत नाहीत. त्यापेक्षा छाती मांड्यांवर टेकेल असं पुढे वाका, किंवा टेबलावर कोपरं टेकून पुढे झुका. ते नाही जमलं तर एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूला कला. मोबाइलवर गजर लावू दे त्याला. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी पुढे वाकून बोलता येतं. खुर्चीवर चांगली उशी हवी, फोमची, जेलची किंवा हवेच्या कप्प्यांची, आणि ती त्याच्या वजनाला बसते का ते फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. मागच्या खिशात पाकीट, किल्ल्या, जीन्सची जाड शिवण, यांनीसुद्धा जखम होते. रात्री फोनने स्वतःच्या बैठकीचा फोटो काढून बघायची सवय लावा. ही त्याची स्वतःची कातडी आहे, तपासणी त्याच्या हातात द्या.

आत्ता जखम आहे तोवर मात्र बसणं शक्य तितकं कमी. हे फार जड जातं, दुकान बंद राहतं, मन खचतं, मला माहीत आहे. पण बसून ती जखम भरत नाही.

एक सांगू? दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणक्याला इजा झालेली माणसं फार जगत नसत, बेडसोर आणि लघवीचा जंतुसंसर्ग त्यांना नेत असे. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी, दिवसरात्र, प्रत्येक रुग्णाला वळवायचंच असा नियम घातला. तिथूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. आपल्याकडे पुण्यात खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे. भावाला एकदा हाजी अलीला दाखवून आणा.

शिवारातला

रिंग काढली. गजर लावला. त्याने तुमचा प्रतिसाद स्वतः वाचला, दोनदा.

पथ्यपाणी

आहाराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आजारी माणसाला हलकं म्हणून भाताची पेज, साबुदाण्याची खीर, चहा-बिस्किट दिलं जातं. पोट भरतं, जखम भरत नाही. बेडसोर असलेल्याला दर किलो वजनामागे रोज साधारण १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. अंदाजासाठी: एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर कोरड्या डाळीत सात, मूठभर शेंगदाण्यांत सहा-सात. म्हणजे हे सहज होत नाही, ठरवून करावं लागतं. घट्ट वरण, पेजेत दुधाची पावडर, दह्यात शेंगदाण्याचं बारीक कूट, नाचणीची आंबील ताकातली, शाकाहारी नसाल तर अंडं. एकदम खाववत नसेल तर दिवसातून सहा वेळा थोडं थोडं.

नुसती प्रथिनं वाढवून एकूण खाणं कमी राहिलं तर शरीर तीच प्रथिनं जाळून टाकतं, म्हणून तूप-तेलही आवडीप्रमाणे असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आल्याशिवाय जखम हलत नाही. गिळताना ठसका लागत असेल तर पातळ पदार्थ देण्याआधी विचारा.

दूरदेशी_ठाणेकर

आई ठाण्याला, मी न्यू जर्सीत. ब्युरोच्या दोन मावशी आहेत, दिवसाची आणि रात्रीची. त्यांच्यावर पहारा ठेवल्यासारखं न वाटता हे कसं सांभाळू?

मिरजेची_सिस्टर

एक वही आईच्या उशाशी ठेवा. वेळ, कोणती कूस, डायपर बदलला का, डाग दिसला का. मावशीला लिहिता येत नसेल तर तीन चित्रं काढून द्या, डावी कूस, उजवी कूस, पाठ, आणि त्यापुढे रेघ मारायची. पाळी बदलताना दोघींनी मिळून आईची पाठ बघायची हा नियम करा, म्हणजे एकीने दुसरीवर ढकलण्याचा प्रश्न राहत नाही. आठवड्यातून एकदा त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो, जखम असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवून. फोटो काढताना आईला विचारा, बाकीचं अंग झाकलेलं असू द्या, आणि तो फक्त तुमच्याकडे आणि डॉक्टरांकडे जाईल. नातेवाइकांच्या ग्रुपवर अजिबात नको.

मावशींना वळवायला एकटीने कंबर मोडावी लागते का तेही विचारा. मदतीला माणूस हवा असेल तर तो द्या. आणि डायपर रात्रभर तसाच ठेवण्याची सवय असेल तर ती मोडा. ओल्या कातडीला जखम लवकर होते. शी झाली की लगेच कोमट पाण्याने स्वच्छ करा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेली पातळ लावा. एकावर एक दोन डायपर किंवा खाली मेणकापड नको, गरम होतं.

सावली_दुपारची

बाबांचा कॅन्सर पसरला आहे. डॉक्टरांनी आता फक्त त्रास कमी करायचं सांगितलं. कूस बदलली की ते कण्हतात. दर दोन तासांनी वळवलं नाही तर जखम होईल, वळवलं तर दुखतं. काय करू कळत नाही.

डॉ_सह्यकडा

ताई, अशा वेळी घड्याळ बाजूला ठेवलं तरी चालतं. वळवण्याआधी वेदनाशामक द्या, पूर्ण वळवण्याऐवजी उशीचा कोपरा आत-बाहेर करून भार थोडा थोडा हलवा. त्यांना ज्या बाजूला बरं वाटतं तिथे जास्त वेळ राहू द्या. शेवटच्या दिवसांत बाकीच्या अवयवांसारखी कातडीही थकते आणि उत्तम काळजी घेऊनही माकडहाडावर अचानक जखम उमटू शकते. कॅरन केनेडी या अमेरिकन परिचारिकेने १९८९ मध्ये अशा जखमांचं वर्णन केलं, त्या आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. तिथे जखम भरणं हे उद्दिष्ट नसतं. दुखू नये, वास येऊ नये, चादर भिजू नये, एवढं साधलं तरी खूप झालं. पुण्यात वारज्याला, मुंबईत वांद्र्याला पॅलिएटिव्ह केअरची केंद्रं आहेत, काही जिल्ह्यांच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही कक्ष आहेत. लांब असाल तरी तुमच्या डॉक्टरांकडून तिथे विचारणा करून घ्या.

अबोली७

सिस्टर, एअर बेड आणला. पण आमच्याकडे लाइट जाते, आणि रात्रीचं दर दोन तासांनी उठणं आता माझ्याच्याने होत नाही. एअर बेडवर कूस बदलायची गरज नसते असं दुकानदार म्हणाला.

मिरजेची_सिस्टर

दुकानदाराचं ऐकू नका, कूस एअर बेडवरही बदलायची. पण चांगली गादी असेल आणि कातडीवर नवा डाग पडत नसेल तर रात्री अंतर वाढवून चार तासांपर्यंत नेता येतं. आधी तीन तास करून बघा, सकाळी पाठ तपासा, ठीक असेल तर चार. नवीन डाग दिसला की परत मागे.

पंपावरचं बटण त्यांच्या वजनाप्रमाणे लावा. मग गादीखाली, माकडहाडाच्या जागी, तळवा वर करून हात सरकवा. हात आणि त्यांचं शरीर यांत निदान इंचभर हवा भरलेली लागली पाहिजे. हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे. एअर बेड नेहमीच्या गादीवर ठेवायचा आणि त्यावर फक्त एक सुती चादर, सैल. गोधडी, मेणकापड, चौपदरी घड्या घातल्या तर आणलेल्या गादीचा उपयोग संपला. उचलायची चादर एकपदरीच ठेवा.

लाइट गेल्यावर काही पंपांच्या नळ्यांना टोपण असतं, ते लावलं की हवा काही वेळ टिकते. तुमच्यात आहे का बघा. पंपाला वीज फार लागत नाही, इन्व्हर्टर असेल तर त्यावर जोडून घ्या. काहीच नसेल तर लाइट गेल्या क्षणापासून दोन तासांचा हिशोब परत सुरू. आणि गादी पूर्ण बसली असेल तर पंप चालू करताना आधी त्यांना कुशीवर घ्या, पाठीवर ठेवून फुगवू नका.

रात्रींचं काय ठरलं तेवढं इथे लिहा.

अबोली७

शनिवार-रविवार नणंदबाई येणार आहेत. धागा त्यांनी वाचला. उशी पोटरीखाली कशी लावायची ते मी त्यांना काल दाखवलं.